पांढरीच्या भिंतीवरची कोकीळमाशी

संगमनेरच्या आसपासच्या खेड्यांत पांढरीच्या मातीच्या जुन्या भिंती अजून दिसतात. पाऊस ओसरल्यावर अशाच एका भिंतीसमोर आम्ही बसलो होतो. निळसर पट्ट्यांच्या माश्या पायांवर परागकण घेऊन आपापल्या बिळांत शिरत होत्या. ही अमेजिल्ला. हिला पोळे नाही की राणी नाही. प्रत्येक मादी स्वतःचे बीळ एकटीच कोरते. तेवढ्यात आकाशी ठिपक्यांची एक काळी माशी भिंतीशी घुटमळू लागली आणि घरमालकीण बाहेर पडताच आत शिरली. ही थायरियस. ती परक्या बिळात अंडे घालते. तिची अळी यजमानाच्या संततीला संपवून तिच्यासाठी साठवलेले अन्न खाते.

या माशीची ओळख पटण्याचा इतिहास मोठा आहे. भारतात कधीही न आलेल्या फॅब्रिशियसने पूर्वेकडून गेलेल्या वाळक्या नमुन्यावरून 1775 साली एका जातीला ‘हिस्ट्रिओ’, म्हणजे नट, असे नाव दिले. वेश पाहिला, चोरी पाहिली नाही! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉटन हे वनाधिकारी पुण्याचे कीटक इंग्लंडात पीटर कॅमेरॉनकडे पाठवत होते. बिंगहॅम यांनी 1897 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील गांधीलमाश्या व मधमाश्यांचा ग्रंथ लिहिला, तेव्हा हा गट ‘क्रोसिसा’ नावाने ओळखला जाई. त्यांच्या वर्णनांत ठिपक्यांना मोठा मान होता. पण केस झडतात, रंग उडतो. पुढे डच कीटकशास्त्रज्ञ लीफ्टिंक यांनी आशिया-ऑस्ट्रेलियातील जाती नव्याने तपासल्या. 1962 च्या त्यांच्या मोठ्या प्रबंधात नराची जननेंद्रियेही पाहिलेली आहेत.

मग भिंतीसमोर बसून काय ओळखता येते? पायांवर परागकण वाहण्याचे दाट केस नाहीत, अंगावर पट्ट्यांऐवजी ठिपके आहेत, आणि पाठीवर मागे ढालीसारखी पट्टी असून तिच्या कडेला खाच आहे, एवढे दिसले की थायरियस ही प्रजाती निश्चित. (थायरियस या ग्रीक शब्दाचा अर्थच ढाल.) केवळ रिकाम्या पायांवरून मात्र कुणाला चोर ठरवू नये, अमेजिल्लाचा नरही परागकण नेत नाही.

जातीचे नाव सांगायला नमुना भिंगाखाली हवा. आमची माशी जाळ्यात आली नाही. वहीत आम्ही ‘थायरियस’ लिहिले आणि पुढची जागा कोरी ठेवली.