मूळ कागद आणि वरची टिपणी

सरकारी फाइलीचे दोन भाग असतात. एकात मूळ पत्रव्यवहार, दुसऱ्यात टिपणी. साहेबांचा शेरा टिपणीवर पडतो, आलेल्या अर्जावर खाडाखोड करायची नसते. मी कला शाखेचा पदवीधर, पोटापाण्यासाठी कारकून. त्यामुळे संगणकावरील चित्रसंपादनाचा इतिहास मला याच नियमाच्या वाटेने कळला.

टॉमस आणि जॉन नॉल या अमेरिकी भावांचे फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. तेव्हा चित्र उजळले की मूळ चित्रच बदलत असे. १९९४ च्या ३.० आवृत्तीत लेयर आले, जणू एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. १९९६ च्या ४.० आवृत्तीत ॲडजस्टमेंट लेयर आला आणि रंग-उजेडाची दुरुस्ती वेगळ्या थरावर गेली. खालचे चित्र शाबूत राहिले. टिपणी वेगळी झाली ती इथे!

त्याच आवृत्तीत 'ॲक्शन' आली. एकदा केलेल्या क्रिया नोंदवायच्या आणि शेकडो चित्रांवर तशाच चालवायच्या. पण त्या ॲक्शनला 'जर-तर' कळत नसे. ते कळते स्क्रिप्टला. ती थरांची नावे वाचते, हवा तोच थर निवडते, बाकीच्यांना हात लावत नाही. फोटोशॉपमध्ये ही सोय २००२ साली जोडपत्रासारखी आली आणि २००३ च्या सीएस आवृत्तीत अंगभूत झाली. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या मोफत गिम्पमध्ये मात्र १९९८ च्या १.० आवृत्तीतच 'स्क्रिप्ट-फू' होते. उलट, मूळ चित्राला धक्का न लावणारे फिल्टर गिम्पला २०२५ च्या ३.० आवृत्तीत मिळाले.

हे सारे आपल्याला कशाला? जुने मोडी कागद स्कॅन करताना पाचशे पानांची शाई एका स्क्रिप्टने गडद करता येते. पण त्याच झटक्यात एखाद्या पानाचा पुसट शिक्का किंवा समासातली नोंद नाहीशी होऊ शकते. दुरुस्ती वेगळ्या थरावर असेल तर थर बंद करून मूळ पान पाहता येते. सगळे थर एकत्र करून तेवढेच जपले, तर पुढच्या अभ्यासकाला तिथे शिक्का होता हेसुद्धा कळणार नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की मूळ स्कॅन जपावे आणि त्याच्याशेजारी स्क्रिप्टही जपावी. ती साध्या अक्षरांत लिहिलेली असते. कागदावर आपण काय केले, याचा तोही एक दस्तऐवजच आहे.