मुक्या माराचे उपचार : धसईच्या परिसरातले

सह्याद्रीच्या पायथ्याला, मुरबाड तालुक्यातल्या धसईच्या परिसरात मुक्या माराचा इतिहास शेतीच्या कामांतूनच उलगडतो. ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी यांचा हा मुलूख. भाताचे रोप राब भाजलेल्या जमिनीत करायचे, तर आधी झाडावर चढून टाहाळ तोडणे आणि त्याचे भारे डोक्यावरून उतरवणे आले. पुढे लावणीत निसरडे बांध आणि दिवसभराचे वाकणे. घोटा मुरगळणे, कंबरेत उसण भरणे ही दुखणी त्यामुळे मोसमागणिक येत.

निखळलेल्या सांध्याला हाडवैद्य लागे. सुजेवर इलाज घरचाच. आंबेहळद, रक्तबोळ आणि तुरटी सहाणेवर उगाळायची, पळीत कोमट करायची आणि जाड लेप द्यायचा. लेप सुकून कातडी ओढू लागला की माणूस पाय आपसूकच जपून टाकी. मग निगडीचा पाला तव्यावर तापवून, फडक्यात बांधून शेक. उसण भरली तर पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाचा पाय कंबरेला लावून घेत. बहुतेक उसण काही दिवसांत आपोआपच ओसरते. श्रेय मात्र पायाळूला मिळे.

लेपाची परंपरा ग्रंथातही आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, तिसऱ्या अध्यायात, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, रक्तचंदन आणि साळीच्या तांदळाचे पीठ शंभरदा धुतलेल्या तुपात कालवायला सांगितले आहे. बंध थंडीत 7 दिवसांनी, उन्हाळ्यात 3 दिवसांनी सोडावा; सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाही, फार आवळला तर सूज आणि ठणका वाढतो. हे निरीक्षण आजही खोटे ठरलेले नाही.

घरगुती उपचाराची खोड एकच, ताज्या मारावर तेल लावून रगडणे. स्नायुबंध ताणला गेला की बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रगडण्याने आतला रक्तस्राव वाढतो.

दुसरीकडे आधुनिक उपचारही आकार घेत होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1952 मध्ये भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. अमेरिकेत गेब मर्किन यांनी 1978 मध्ये विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र मांडले. पुढे बर्फाने बरे होणे लांबते, असे त्यांनीच म्हटले. 2019 पासून भर दिला जाऊ लागला तो सुरुवातीला जपण्यावर आणि मग सोसेल तितके वजन लवकर टाकण्यावर. लावणी खोळंबू नये म्हणून लेप बांधूनच वाफ्यात उतरणाऱ्यांनी यातला दुसरा भाग नाइलाजाने पाळलेला होता, पहिला क्वचितच.

लेपाची मर्यादा कुठे संपते, हे 1992 च्या ओटावा नियमांनी स्पष्ट केले : घोट्याच्या हाडाजवळ दुखत असून चार पावलेही टाकता येत नसतील किंवा हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यास कळ येत असेल, तर एक्स-रे काढावा.