चूक पायलटची, की खटक्याची?

दुसरं महायुद्ध. अमेरिकेचं बी-१७ बॉम्बर सुखरूप उतरलंय, धावपट्टीवर पळतंय, आणि अचानक चाकं आत! विमान पोटावर. शेरा ठरलेला: पायलटची चूक.

डेटनच्या राइट फील्डवर काम करणाऱ्या आल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाला हे पटेना. मग सी-४७ चे पायलट असं का करत नाहीत? त्याने कॉकपिट बघितलं. बी-१७ मध्ये चाकांचा खटका आणि फ्लॅपचा खटका शेजारी-शेजारी, दिसायला सेम टू सेम! दमलेला माणूस, अंधार... बोट चुकणारच ना?

उपाय काय, तर एकावर छोटं रबरी चाक, दुसऱ्यावर पाचरीसारखा तुकडा. न बघताही हाताला कळणार.

(आम्ही ‘सेव्ह’शेजारी ‘डिलीट’ ठेवतो आणि युजरला हसतो, ते वेगळं.)

आजही प्रवासी विमानात चाकांच्या लिव्हरचं टोक चाकासारखंच असतं.