पंधरा रुपये फी, आडवा बांबू आणि फुटलेला गुडघा

आजचा एपिसोड सायकलचा. कुठली घ्यावी, किती गिअरची घ्यावी, ते नाही हं. सायकल नवी होती तेव्हा लोक ती शिकले कशी, कुठं आपटले आणि पडू नये म्हणून काय काय जुगाड केले, त्याची ही गोष्ट.

सुरुवात करू बेळगावपासून. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव तुम्ही पंपावर किंवा इंजिनावर वाचलं असेल. हा माणूस आधी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेला होता. पण रंग नीट ओळखू येत नाहीत असं निघालं, म्हणून चित्रकला सुटली आणि यंत्रांची ड्रॉइंग्ज हाती आली. पुढं आजच्या व्हीजेटीआयमध्ये मास्तर झाले, पगार महिना ५० रुपये. मुंबईत त्यांनी सायकल पाहिली आणि डोक्यात धंदा शिरला. मुंबईत सायकली घ्यायच्या, बेळगावला भाऊ रामुअण्णांकडं पाठवायच्या आणि तिथं विकायच्या. १८८८ हे साल किर्लोस्कर समूह आजही आपलं जन्मवर्ष मानतो. म्हणजे एवढ्या मोठ्या उद्योगाची सुरुवात सायकलच्या दुकानातून झाली!

आता किंमत ऐका. एक सायकल ७०० ते १००० रुपये. म्हणजे लक्ष्मणरावांचाच चौदा महिन्यांचा अख्खा पगार घातला तर जेमतेम एक स्वस्तातली सायकल यायची. शिवाय घेतली तरी चालवणार कोण? म्हणून रामुअण्णा शिकवायचेसुद्धा, फी १५ रुपये. आजचे ड्रायव्हिंग क्लासवाले ऐकताय ना?

आणि ही फी देऊन माणूस बसायचा कशावर? दोन सारखी चाकं आणि चेन असलेली सायकल इंग्लंडमध्ये १८८५ ला आली होती. हवेचा टायर डनलॉपनं १८८८ ला काढला, त्यामुळे सुरुवातीच्या सायकलींना भरीव रबर. प्रत्येक खड्डा थेट मणक्यापर्यंत. फ्रीव्हील नव्हतं, म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. उतारावर पायडल इतकं जोरात फिरायचं की लोक पाय उचलून पुढच्या फोर्कवर टेकवायचे. त्यासाठी तिथं खास खुंट्या असायच्या! ब्रेक म्हणजे वरून टायरवर दाबली जाणारी एक पट्टी. मग लांबच्या घाटउतारावर काय करायचं? युरोपातल्या डोंगरात लोक झाडाची मोठी फांदी तोडून सायकलमागं बांधायचे आणि ती फरफटत खाली उतरायचे. हसू नका. रत्नागिरीत राहणाऱ्याला हे पटायला हवं. मारुती मंदिराच्या सड्यावरून मांडवीच्या समुद्राकडे असली सायकल सोडून बघा, फांदी शोधायला तुम्हीच धावाल. आणि पाखाडी आली की सायकल आपल्यावर बसते, खांद्यावर!

आता शिकताना होणाऱ्या चुका. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यानं १८८४ च्या सुमारास उंच चाकाची सायकल शिकायला चक्क शिक्षक लावला होता. त्यावर त्यानं एक मजेशीर लेख लिहिला. त्यातला एक मुद्दा अजून तितकाच खरा आहे: सायकल ज्या बाजूला पडतेय त्याच बाजूला हॅण्डल वळवायचं. आपलं मन सांगतं उलट. पण पडत्या बाजूला वळवलं की चाकं पुन्हा आपल्या वजनाखाली येतात आणि तोल सावरतो. दुसरी जगभरची चूक म्हणजे रस्त्यातल्या एकुलत्या एका दगडाकडं बघत राहणं. जिकडं नजर तिकडं हॅण्डल. सगळा रस्ता मोकळा आणि आपण बरोबर दगडावर.

मग सायकल आपल्या घरात आली कशी? देशात कारखाने निघाले. मद्रासजवळ १९४९ ला टीआय सायकल्स, सोनीपतला १९५१ ला अॅटलस, लुधियानाला १९५६ ला हीरो. किंमत आवाक्यात आली, तरी घरात एकच सायकल. ती काळी, जड, बाबांच्या मापाची. पोराचे पाय सीटवरून पायडलला पोचायचे नाहीत. म्हणून पोरांनी युक्ती काढली: दांड्याखालून पाय घालायचा, एक हात हॅण्डलवर, एक सीटला, शरीर तिरकं आणि अर्धं पायडल. कैची! ही कुठल्याही कंपनीनं शिकवली नाही आणि फीसुद्धा शून्य. ज्यांच्या घरी तीही नव्हती, ते तासाच्या भाड्यानं सायकल आणायचे आणि तास संपायच्या आत जीव खाऊन परत न्यायचे.

बाकीचं सामानही घरगुतीच. शिकणाऱ्याच्या कॅरिअरला आडवा बांबू बांधायचा, म्हणजे सायकल कलली तरी पूर्ण आडवी होऊन पायावर पडत नाही. धोतराचा सोगा किंवा पायजमा चेनमध्ये जाऊ नये म्हणून क्लिप, आणि क्लिप हरवली की सुतळी. पंक्चरला जुन्या ट्यूबचा तुकडा. ब्रेक गेला की चप्पल. रात्री दिवा नसला तर पोलीस अडवायचा, म्हणून रॉकेलचा दिवा, नंतर डायनामो. या डायनामोची गंमत अशी की वेग असेल तरच उजेड. चढावर अंधार आणि उतारावर लखलखाट!

पण एक गोष्ट जुगाडानं सुटत नव्हती. मधला दांडा असलेल्या सायकलवर मुलीनं बसायचं कसं? बिनदांड्याची लेडीज सायकल आणि चाकाला कपडा अडकू नये म्हणून जाळी, हे १८९० च्या दशकात मिळत होतं. अमेरिकेत फ्रान्सिस विलार्ड ५३ व्या वर्षी सायकल शिकल्या. रोज थोडा थोडा वेळ, सुमारे तीन महिने. त्यावर त्यांनी १८९५ ला छोटं पुस्तक लिहिलं. आपल्याकडं मात्र घरातली एकुलती एक सायकल आधी बाबांची, मग भावाची. बहिणीचा नंबर लागलाच तर शेवटी. आज ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना सरकारी योजनेतून सायकल मिळते. शाळा लांब असेल तर ती सायकल आहे की नाही, यावर पुढचं शिक्षण ठरू शकतं.

म्हणून मला वाटतं, तो बांबू, ती सुतळी, ती कैची यांवर हसावं, पण त्या बावळटपणा नव्हत्या. यंत्र परदेशी रस्त्यांसाठी आणि मोठ्या माणसाच्या मापानं बनलेलं. ते आपल्या चढउताराला, आपल्या उंचीला आणि आपल्या खिशाला बसवण्याचं काम शिकणाऱ्यांनी स्वतः केलं.

आजचा गृहपाठ सोपा आहे. घरातल्या आजोबांना, आईला, आत्याला विचारा: तुम्ही सायकल कशी शिकलात? आणि शिकायला मिळाली नसेल तर का नाही? उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. गुडघ्यावरची खूण दाखवली तर तिचा फोटोही काढा. भेटू पुढच्या एपिसोडला!