प्रेस्ली, एल्व्हिस : प्रकाशनातील खंड
(८ जानेवारी १९३५–१६ ऑगस्ट १९७७). अमेरिकन लोकप्रिय गायक. मार्च १९५८ मध्ये तो सक्तीच्या लष्करी सेवेत गेला, तेव्हा दोन वर्षांत श्रोते त्याला विसरतील, अशी भीती होती. ती फोल ठरली. कारण गीतांचा साठा राखून ठेवण्यात आला होता. जूनमधील रजेत नॅशव्हिल येथे आणखी पाच गीते ध्वनिमुद्रित झाली; त्यांपैकी चार तो जर्मनीत असताना टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाली. मार्च १९६० मध्ये तो परतला व एप्रिलमध्येच नवी दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली. खरी हानी केली ती पुढील विपुलतेने. मार्च १९६१ नंतर जाहीर मैफली थांबल्या आणि वर्षाला बहुधा तीन चित्रपट व त्यांतील बव्हंशी सुमार गीते यांचा रतीब सुरू झाला. डिसेंबर १९६८ मधील दूरचित्रवाणी-कार्यक्रमात तो पुन्हा गायक म्हणून रसिकांसमोर आला.