बिघाडाचा आकडा

वाकोल्याचा नाला मिठी नदीला मिळतो आणि मिठी माहीमच्या खाडीवाटे अरबी समुद्रात जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा तुंबलेल्या गटारांतल्या प्लास्टिकच्या पिशव्यांची चर्चा घराघरांत झाली. २००६ मध्ये राज्य शासनाने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. २०१८ मध्ये नियम आणखी कडक झाले. तरीही पिशव्या समुद्रात पोहोचतातच. त्यातली एखादी जेट-स्कीच्या, म्हणजे पाण्यावरच्या स्कूटरच्या पोटाखाली सापडली, तर काय होते?

या स्कूटरला बाहेर फिरणारा पंखा नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढले जाते, नळीतला पंखा ते जोराने मागे फेकतो आणि स्कूटर पुढे जाते. याच पाण्याचा थोडा भाग इंजिन किंवा निदान धुराडे थंड ठेवण्यासाठी फिरवलेला असतो. जाळीवर पिशवी बसली की गती आणि गारवा दोन्ही एकदम जातात. हे यंत्र चालवणाऱ्याला कसे कळवते, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पूर्वी मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून आवाज ऐकत असे. १९३०च्या दशकात अमेरिकेतील हडसन कंपनीने मोटारीत तेलाच्या दाबाचा दिवा बसवला. काटा असलेल्या मापकापेक्षा तो स्वस्त होता आणि तितकाच मुका. दाब किती घटला, का घटला, यातले काहीच तो सांगत नसे. अमेरिकन चालकांनी त्याला ‘मूर्खांचा दिवा’ असे नाव ठेवले, ते अगदीच चुकीचे नव्हते.

खरा बदल घडवला सूक्ष्मप्रक्रियकाने. १९८१च्या सुमारास जनरल मोटर्सच्या गाड्यांत इंजिनावर संगणकाची देखरेख आली. बिघाड झाला की दिवा लागे. ठरावीक दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडली की तोच दिवा लुकलुकू लागे. एक लुकलुक, विराम, मग दोन लुकलुकी म्हणजे १२. शहरी हवेच्या प्रदूषणामुळे कॅलिफोर्नियाने १९८८ पासून अशी स्वयंतपासणी सक्तीची केली आणि १९९६ पासून सर्व अमेरिकन मोटारींना एकच सांकेतिक भाषा मिळाली. तीत पी०३०० म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात ते. भारतात मोटारींमध्ये ही व्यवस्था २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली आणि एप्रिल २०२० पासून नव्या दुचाकींवरही.

जेट-स्की या प्रवाहात उशिरा आली. बॉम्बार्डियरची सी-डू १९६८ची, कावासाकीची जेट स्की १९७३ची. दोन्ही साध्या, त्यांत संगणकाने नियंत्रित होईल असे काही नव्हते. इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक इंजिने १९९०च्या दशकाच्या अखेरीस आली आणि त्यांच्याबरोबर भोंगा व आकडे. काही कंपन्यांनी मोटारींसारखे ‘पी’ने सुरू होणारे संकेत घेतले, काहींनी दोन अंकी.

आता आकडा नेमके काय सांगतो ते पाहू. मोटारींच्या यादीत पी०११८ हा संकेत शीतकाच्या तापमानाचा आहे. म्हणून इंजिन तापले असा अर्थ कुणी काढील, पण तो चुकेल. तापमानाचा संवेदक म्हणजे एक रोधक. तो २० अंश सेल्सिअसला साधारण अडीच हजार ओहमचा आणि १०० अंशांना दोनशेच्या आसपास असतो. त्याच्यावरचा विद्युतदाब नियंत्रक मोजतो. तार तुटली की रोध अनंत होतो, आणि नियंत्रकाच्या हिशेबाने इंजिन उणे ४० अंशांच्याही खाली गेलेले असते! मुंबईत हे शक्य नाही, म्हणून तो पी०११८ नोंदवतो. म्हणजे आकडा तक्रार करतो ती मापनाच्या मार्गाबद्दल.

तार तुटली, जोडणी खाऱ्या पाण्याने हिरवी पडली, की संवेदकच गेला? आकडा वाचून लगेच संवेदक बदलणारा मेकॅनिक बऱ्याचदा गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवतो. इथे प्रयोग करावा लागतो. संवेदकाची जोडणी काढून तिची दोन टोके तारेने जोडायची. उलटा संकेत, पी०११७, उमटला तर तार आणि नियंत्रक ठीक आहेत, दोष संवेदकात. काहीच बदलले नाही तर शोध तारेत आणि जोडणीत. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो, तेच हे. वर्गात थर्मिस्टर, मल्टिमीटर आणि गरम पाण्याचा पेला घेऊन यातला पहिला भाग सहज दाखवता येईल.

पुन्हा त्या पिशवीकडे येऊ. थंड करणारे पाणी थांबले की तापमान चढते, भोंगा सलग वाजतो आणि अनेक यंत्रांत नियंत्रक स्वतःच इंजिनाचा वेग कमी करतो. हा इशारा खरा असतो. तो दुर्लक्षून किनारा गाठू पाहणाऱ्याच्या धुराड्याच्या रबरी नळ्या जळू शकतात. पण पिशवी जाळी अर्धीच झाकून पंख्याभोवती गुंडाळली गेली तर? इंजिनाचे फेरे वाढतात, स्कूटर मात्र पुढे सरकत नाही. पंपाच्या नळीत सहसा संवेदक नसतो. नियंत्रकाच्या दृष्टीने सगळे व्यवस्थित आहे, म्हणून आकडा उमटत नाही. फेरे आणि वेग यांचा मेळ बसत नाही, हे चालवणाऱ्यालाच ओळखावे लागते. आणि जाळीत हात घालण्याआधी इंजिन बंद करून मनगटाच्या दोरीची सुरक्षा-किल्ली काढून घ्यावी लागते, कारण आत हात आहे हे सांगणारा संवेदकही तिथे नसतो.