वॉकरव्हिलचं दगडी चर्च

विंडसरच्या वॉकरव्हिल भागात विलिस्टेड पार्कजवळ सेंट मेरीज हे अँग्लिकन चर्च आहे. जाड दगडी भिंती, चौकोनी मनोरा. इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यातलं पाचशे वर्षांचं देऊळ वाटावं! पण ते बांधलं १९०४ साली, आणि आराखडा होता बॉस्टनच्या राल्फ अॅडम्स क्रॅम यांच्या कंपनीचा.

पैसा व्हिस्कीचा. हायरम वॉकर मूळचे अमेरिकन. १८५८ साली त्यांनी नदीकाठी दारूची भट्टी घातली आणि भोवती कामगारांचं गाव वसवलं. घरं, पाणी, रस्त्यावरचे दिवे, पोलीस, सगळं मालकाचं. चर्चसुद्धा! त्या पहिल्या चर्चची गोष्ट इथले जुने लोक अजून सांगतात: धर्मोपदेशकाने व्यासपीठावरून दारूवर तोंडसुख घेतलं, आणि वॉकरसाहेबांनी चर्चला कुलूप ठोकलं. पुढे ते उघडलं ते अँग्लिकन पंथासाठी. मला तरी ही गोष्ट त्या गावाच्या साऱ्या इतिहासापेक्षा बोलकी वाटते.

हायरम १८९९ साली वारले. मुलांनी आईवडिलांच्या स्मरणार्थ हे दगडी चर्च बांधलं, आपल्याकडे घाट किंवा धर्मशाळा बांधत तसं. मुंबईकरांना कुलाब्याचं अफगाण चर्च आठवेल. तेही स्मारकच, पण युद्धात पडलेल्या सैनिकांचं.

१९२६ साली वॉकर कुटुंबाने भट्टी विकली, १९३५ साली गाव विंडसरमध्ये विलीन झालं. चर्च मात्र चालू आहे. पार्कात मुलांना घेऊन गेलात, तर मनोऱ्याखाली जरा थांबा.